डाव्या घोड्यावरचं पान

डावा घोडा पाहिला आणि भिंगकाकांना पहिला राग आला तो दिव्याचा. लिलावघरात नव्या व्यवस्थापकाने हे लांब मानेचे पांढरे दिवे आणल्यापासून कुठल्याच धातूचा रंग धड दिसत नव्हता. दीडशे वर्षांचं पोलाद काल घेतलेल्या चमच्यासारखं दिसायचं. त्यांनी दिव्याची मान खाली वाकवली, ती वर आली. पुन्हा वाकवली, पुन्हा वर आली. शेवटी डाव्या हाताने दिव्याची मुंडी दाबून धरून उजव्या हातात भिंग घेऊन ते वाकले, तेव्हा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. टेबलावरच्या हिरव्या बनातीवर जुनी दुनळी बंदूक आडवी ठेवलेली होती. चाप ओढल्यावर दाणकन पुढे आपटणारे तिचे दोन वाकडे घोडे, एकेका नळीमागे एकेक, जागच्या जागी होते. दोन्ही घोड्यांवर नखाएवढं नेच्याचं पान कोरलेलं होतं. उजव्या घोड्यावरचं पान पुढे, नळीच्या तोंडाकडे झुकलेलं होतं, ते बरोबर होतं. डाव्यावरचं पानही पुढेच झुकलेलं होतं. ते मागे, दस्त्याकडे झुकलेलं असायला हवं होतं.

“डावा घोडा नवा आहे,” ते म्हणाले.

समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी मांडीवरची पिशवी जमिनीवर ठेवली. बंदूक त्यांची होती. त्या बेचाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, आणि त्यांनीही आल्या आल्या स्वतःची ओळख ‘मी सिस्टर’ अशीच करून दिली होती.

“नवा म्हणजे किती नवा? ही बंदूक माझ्या पणजोबांनी घेतलेली आहे.”

“म्हणजे नंतर बसवलेला. मूळचा तुटला असेल, हरवला असेल. कोणीतरी दुसरा करून घातलाय. काम चांगलं आहे. पण मूळचं नाही.”

“बाबा तर म्हणायचे, हिला आमच्या घराबाहेरचा हात लागलेला नाही.”

“तसं सगळेच म्हणतात, बाई.”

“माझा भाऊही हेच म्हणतो. म्हणतो, बाबांनी आयुष्यभर थापा मारल्या, ही त्यातलीच एक. बाबा थापाडे होतेच हो. त्यांनी लढाईत न जाता लढाईच्या गोष्टी सांगितल्या. पण ही एवढी एक गोष्ट खरी असावी असं मला आपलं वाटतं. म्हणून तर संग्रहालयाला द्यायच्या आधी तुमच्याकडे आणली. ते म्हणाले, तुमची सही असेल तर ठेवू.” त्या पुढे झुकल्या. “बरं, तुम्ही हे आत उघडून न बघताच कसं सांगितलंत?”

भिंगकाकांना असले प्रश्न आवडत नसत, आणि का आवडत नाहीत हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं, म्हणून तर अधिकच आवडत नसत. त्यांनी घोड्याच्या मधोमध असलेल्या स्क्रूकडे बोट केलं. “हा बघा. याची खाच बघा. कडा कशा धारदार आहेत. याला कधी कुणी पेचकस लावलेला नाही. न फिरलेला स्क्रू फिरवायचा नसतो. एकदा खाच बिघडली की बंदुकीचं कौमार्य गेलं, असं आमच्यात म्हणतात.”

“पण तुम्हीच म्हणता घोडा नंतरचा आहे. मग स्क्रू कधीच फिरला नाही, हे कसं? घोडा काय त्याच्याआडून उडत आत गेला?”

व्यवस्थापक हसला. तो कोपऱ्यात उभा राहून फोनवर काहीतरी बघत होता आणि ऐकत नसेल असं वाटत असतानाच ऐकत होता. भिंगकाका म्हणाले, “दुरुस्ती करणारा चांगला असला तर स्क्रूही नवा करतो.” आणि म्हणता म्हणता ते अडखळले. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसे. हे वाक्य त्यांचं नव्हतं. त्यांनी ते कुठेतरी ऐकलं होतं, कानशीच्या आवाजाच्या वरताण आवाजात. ते उठले, जेवायची वेळ झाल्याचं सांगितलं, साडेअकराच वाजले होते तरी. “दोन वाजता लिहून देतो,” असं म्हणून छत्री घेतली, पाऊस नव्हता तरी.

रस्त्यावर फुटपाथ उकरून ठेवलेला होता. गेल्या महिन्यात बसवलेल्या फरशा या महिन्यात काढत होते, त्याखाली गेल्या वर्षीच्या फरशा निघत होत्या, आणि एक माणूस हातात नकाशा धरून खड्ड्याकडे असा बघत होता की जणू खड्ड्यानेच चूक केली आहे. भिंगकाका त्याला वळसा घालून गेले आणि मनातल्या मनात आपलं पुस्तक उघडलं. पान एकेचाळीस. ते त्यांना पाठ होतं, कारण ते इतरांनाही पाठ होतं. किनाऱ्यावरच्या शहरात दीडशे वर्षांपूर्वी एक एकडोळ्या कारागीर होऊन गेला, त्याने आयुष्यात जेमतेम चाळीस बंदुका केल्या, त्यातल्या आता जगात सहा-सात उरल्या, आणि त्याच्यावरचं एकमेव पुस्तक भिंगकाकांचं. सव्वाशे पानांचं, पातळ, सव्वीस वर्षांपूर्वीचं. त्याच्या एकेचाळिसाव्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: ‘उजव्या घोड्यावरचं पान पुढे पाहतं, डाव्यावरचं मागे. शिकारीला निघालेल्या माणसाने घराकडे एकदा वळून पाहावं, असं या कारागिराला वाटलं असावं. ही त्याची सही समजावी.’ हे वाक्य लिहून झाल्यावर ते खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आले होते, इतकं ते त्यांना आवडलं होतं. पुढे ते लिलावांच्या यादीत आलं, संग्रहालयाच्या भिंतीवर आलं, एका कोरीवकाम करणाऱ्याच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा आलं. त्यांच्या आयुष्यातलं लोकांनी उचललेलं हे एकच वाक्य. ते आठवलं की अजूनही त्यांना थोडी लाज वाटायची आणि थोडं बरं वाटायचं. ‘असावं’ आणि ‘समजावी’ ही दोन क्रियापदं त्यांनी भीतभीत घातली होती. लोकांनी ती गाळली आणि ‘ही त्याची सही’ एवढंच उचललं. त्यालाही आता ते काय करणार?

पण ‘ही त्याची सही’ म्हणायला त्यांच्याकडे किती बंदुका होत्या? फुटपाथ संपून रस्ता ओलांडायला दिवा हिरवा होण्याची वाट बघत उभं राहिल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं. दोन बंदुकांचे डावे घोडे हरवलेले होते. एक इतकी गंजलेली होती की पान होतं की नव्हतं तेच कळत नव्हतं. एक परदेशी, तिचं नुसतं उजव्या बाजूचं छायाचित्र. राहिली एक, एका संग्राहकाच्या घरची, काचेच्या पेटीतली. तिच्या डाव्या घोड्यावरचं पान मागे झुकलेलं होतं आणि तिचा स्क्रू कोरा करकरीत होता, म्हणून त्यांनी तो फिरवला नव्हता. म्हणजे एक. एका बंदुकीवर त्यांनी सही ठरवली होती. नंतर त्या दोन घोडे हरवलेल्या बंदुकांना नवे घोडे करून बसवले गेले तेव्हा मालकांनी त्यांनाच विचारलं, पान कुठे वळवायचं? त्यांनी पत्राने कळवलं, मागे, पान एकेचाळीस पाहावं. आता नव्या अभ्यासकांनी लेख लिहिले की मागे पाहणारं पान तीन बंदुकांवर आढळतं, त्याअर्थी लेखकाचं निरीक्षण निर्विवाद आहे. दिवा हिरवा झाला. भिंगकाका तिथेच उभे राहिले. मागून कोणीतरी “काका, जायचंय का राहायचंय?” म्हणालं.

घरी बायको म्हणाली, “इतक्या लवकर? तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे.”

“मग छत्री कशाला?”

त्यांनी छत्री दाराआड ठेवली. या घरात प्रत्येक वस्तूला कारण द्यावं लागायचं. ते खुर्ची ओढून कपाटापाशी नेऊ लागले तशी ती हातातलं ताट ठेवून आली. “काय हवंय? मी देते. पडाल.”

“दादाचा डबा.”

तिने वर बघितलं. कपाटाच्या डोक्यावर पत्र्याचा तो डबा अकरा वर्षं होता. दादा गेल्यावर वहिनीने तो पाठवला होता, सोबत चिठ्ठीही नव्हती. डब्याला सुतळी बांधलेली होती आणि गाठ दादाची होती, दोन वेढे देऊन खाली दाबलेली. दर सणासफाईला बायको म्हणायची, उघडून तरी बघा, आत झुरळांचा संसार थाटला असेल. आणि दर वेळी ते म्हणायचे, राहू दे. आज ती एवढंच म्हणाली, “सुतळी कापू का सोडू?”

“सोड.”

“अकरा वर्षं हात लावू दिला नाहीत आणि आज सोड,” ती पुटपुटली आणि नखांनी गाठ सोडवायला बसली.

दादा त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडिलांचं बंदूक दुरुस्तीचं छोटं कामघर त्यानेच चालवलं. धाकट्याला पुस्तकांचं वेड, तर त्याला शिकू द्यावं, असं घरात कोणी न बोलता ठरलं होतं. दादा म्हणायचा, “तू वाच, मी घासतो. दोघांचंही काहीतरी झिजेलच.” उत्तरेकडची एक खिडकी, खिडकीखाली लोखंड घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस, आणि कानशीचा तो आवाज, जो शाळेतून येताना कोपऱ्यावरच ऐकू यायचा आणि त्यावरून आज काम मऊ लोखंडाचं आहे की पोलादाचं ते कळायचं. हरवलेले भाग करण्यात दादाचा हात धरणारा त्या शहरात कोणी नव्हता. दस्त्याची तुटलेली पट्टी असो, चाप असो, घोडा असो, दादा जुन्याशेजारी नवा असा ठेवायचा की मालकालाच विसर पडायचा कुठला कुठला. आणि म्हणूनच त्याचा एक नेम होता. केलेल्या प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला, बंदूक जोडली की दिसणार नाही अशा जागी, तो पोगराने, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, तीन बारीक ठिपके ठोकायचा. “आपण केलेलं आपलं म्हणून सांगायचं. पण बोंबलत नाही. आतून.” लहान भिंगकाकांनी विचारलं होतं, पण कोणी उघडलंच नाही तर? दादा म्हणाला होता, “तर तो बघणारा बावळट.”

कोरीवकाम उतरवायचं असलं की दादा त्यांना हाक मारायचा, कारण त्याला चार हात लागायचे. उजव्या घोड्यावरच्या कोरीव रेषांत दिव्याची काजळी भरायची, वरून हलक्या हाताने पुसायची, मग ओलसर पातळ कागद दाबून उचलायचा. कागदावर चित्र उमटतं, पण उलटं. तो कागद नव्या तुकड्यावर दाबला की चित्र पुन्हा उलटतं, म्हणजे पहिल्यासारखं होतं. उजव्यावरून उजवाच करायचा असेल तर हे ठीक. पण उजव्यावरून डावा करायचा असेल, आरशातल्यासारखा, तर मध्ये आणखी एक कागद लागतो: पहिला ठसा दुसऱ्या कागदावर दाबायचा, आणि तो दुसरा कागद पोलादावर. तो मधला कागद धरायचं काम त्यांचं. दोन्ही कोपरे दोन्ही हातांच्या चिमटीत, श्वास रोखून. काजळी नाकात जायची. एकदा ते शिंकले होते आणि दादाने सकाळपासूनचं काम फेकून देऊन नुसतं म्हटलं होतं, “चल, चहा पिऊ.” हे सगळं त्यांना इतकं स्वच्छ आठवत होतं की मग सव्वीस वर्षांपूर्वी संग्राहकाच्या त्या काचेच्या पेटीसमोर उभं राहून मागे झुकलेलं पान बघताना ते का आठवलं नाही, याचा त्यांना आता संताप आला. मागे झुकलेलं डावं पान म्हणजे उजव्याचीच जशीच्या तशी नक्कल. त्यांना दहाव्या वर्षी कळलं असतं. चाळिसाव्या वर्षी त्यांना शिकारी आठवला, घर आठवलं, वळून पाहणं आठवलं.

गाठ सुटली. झुरळं नव्हती. आत फडक्यात गुंडाळलेले दादाचे चार पेचकस होते, प्रत्येकाची धार वेगवेगळ्या खाचेसाठी घासून पातळ केलेली, आणि खाली काजळीच्या ठशांची चळत. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात दादाचं किरटं अक्षर, तारीख, काय काम, कोणी आणलं. ते एकेक कागद उलटत गेले. बायको शेजारी बसून राहिली, तिने जेवायला वाढू का विचारलं नाही. मधेच नेच्याचं पान आलं. तारखेच्या खाली लिहिलं होतं: ‘डावा घोडा. दलालामार्फत. मधला कागद राहिला. पान उलटं गेलं. दलालाला दाखवलं, चालेल म्हणाला.’

त्यांनी तारीख दोनदा वाचली. वडील शेवटचे अंथरुणाला खिळले होते तो महिना. भिंगकाका तेव्हा दुसऱ्या शहरात ग्रंथालयात नोकरीला होते, रजा मिळत नाही म्हणून कळवलं होतं आणि रजा मागितली नव्हती. दादाने एका हाताने वडिलांना बघितलं आणि दुसऱ्या हाताने ही कामं केली. कागद धरायला कोणी नव्हतं.

“काय निघालं?” बायकोने विचारलं.

“माझं पुस्तक,” ते म्हणाले, आणि तिला वाटलं ते काहीतरी तिरकस बोलताहेत, म्हणून ती वाढायला उठून गेली.

जेवण पुढ्यात निवत राहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा दादाने ते तीन दिवस वाचलं होतं, ओळीखाली बोट धरून, कामघरात बसून. तिसऱ्या दिवशी ते भेटायला गेले तर दादा हसत होता. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. “फारच छान लिहिलंयस रे,” डोळे पुसत तो म्हणाला. “ते पानाचं वाक्य तेवढं काढ पुढच्या वेळी.” का म्हणून विचारलं तर म्हणाला, उगाच. कारण सांग, म्हटलं. दादा म्हणाला, “कारागिराचा हात चुकूही शकतो की.” “एकडोळ्याचा हात चुकत नव्हता,” ते म्हणाले, आणि दादाने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. “एकडोळ्याचा नसेल चुकत.” त्यावर त्यांनी जे म्हटलं ते त्यांना शब्दशः आठवत होतं आणि आठवायला नको होतं: “तुला पुस्तकातलं काय कळतं?” नंतर पंधरा वर्षं ते भेटत राहिले, तब्येतीचं बोलले, छपराच्या गळतीचं बोलले. त्या हसण्याला ते इतकी वर्षं जळणं समजत आले होते. मोठ्या भावाला धाकट्याचं नाव झालेलं बघवत नाही, हे त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण मनात एका बाजूला व्यवस्थित घडी घालून ठेवलं होतं. आता त्यांना दादाचाच राग येत होता. सांगायला काय झालं होतं? ‘अरे बावळटा, तो मी केलाय’ एवढे पाच शब्द. सांगितलं असतं तर पुस्तकाला एक चिठ्ठी डकवली असती, दोन दिवस तोंड लपवलं असतं, संपलं असतं. की सांगितलं असतं तर वडिलांचा तो महिनाही सांगावा लागला असता, कागद धरायला कोण नव्हतं तेही, आणि ते त्याला नको होतं? की त्याला गंमत वाटली नुसती, आपलं उलटं गेलेलं पान भिंतीवर लागलंय याची? दादाच्या बाबतीत हेही शक्य होतं. मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही ही एक मोठीच गैरसोय.

“भात परत गरम करू?” बायको म्हणाली.

“नको. मी जातो.”

“जेवणासाठी आलात ना?”

त्यांनी डब्यातून सर्वांत पातळ पेचकस घेतला, रुमालात गुंडाळला. छत्री घरीच राहिली.

लिलावघरात टेबलाशी आता आणखी एक माणूस होता. व्यवस्थापकाने बंदुका दुरुस्त करणाऱ्या जोडाऱ्याला बोलावून घेतलं होतं. तो उत्साहाने पान एकेचाळीस उघडून चित्रावर पट्टी लावून मोजत होता. सिस्टर खुर्चीत तशाच बसलेल्या होत्या, त्यांच्या पिशवीतून अर्धं खाल्लेलं सफरचंद डोकावत होतं.

“सर, चार दिवस द्या,” जोडारी म्हणाला. “तुमच्या पुस्तकाबरहुकूम घोडा करतो. पान असं मागं वळवतो की खुद्द एकडोळ्याला कळायचं नाही.”

“आणि हा?” भिंगकाकांनी बनातीवरच्या डाव्या घोड्याकडे बोट केलं.

“हा पिशवीत घालून सोबत देऊ,” व्यवस्थापक म्हणाला. “‘नंतरच्या काळातील बदली भाग’ अशी चिठ्ठी लावून. मग प्रमाणपत्रावर ‘मूळ रूपात पुनर्स्थापित’ लिहिता येतं. दोघांचीही सोय.”

“म्हणजे माझा घोडा काढून दुसरा घालायचा, आणि मग तो माझा?” सिस्टर म्हणाल्या. “आमच्याकडे डॉक्टर असं करायला लागले असते तर हातात बेड्या पडल्या असत्या.”

भिंगकाकांनी खुर्ची ओढली. काहीतरी बोलावं, खुलासा करावा, असं त्यांच्या मनात होतं. रस्त्यात त्यांनी तीन-चार वाक्यं तयारही केली होती, नेहमीसारखी ‘असावं’ आणि ‘बहुधा’ घालून. पण तोंड उघडल्यावर ती सगळी एकदम आगाऊ वाटली आणि त्यांनी ते मिटलं. रुमाल सोडला. पेचकस बघून जोडाऱ्याने शीळ घातली. “सर, स्क्रू फिरवताय? कोरा आहे तो!”

“दिसतंय मला.”

दिसत नव्हतं. दिव्याची मान वर आली होती. त्यांनी ती वाकवली, ती वर आली, आणि त्या नादात पेचकसाचं टोक खाचेतून निसटून स्क्रूच्या डोक्यावरून गेलं. बारीक, पांढरी, केसाएवढी रेघ उमटली. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एका बंदुकीवर ओरखडा पडलेला नव्हता, कारण चाळीस वर्षांत त्यांनी हात लावलाच नव्हता.

“सरका जरा,” सिस्टर उठल्या. त्यांनी दोन्ही हातांनी दिव्याची मुंडी पकडून खाली आणली आणि तिथेच धरून ठेवली. “हं. घ्या आता. मी हलत नाही.” त्या खरंच हलल्या नाहीत. त्यांचे हात बघून भिंगकाकांना वाटलं, या बाईंनी कागद कसा धरला असता.

स्क्रू फिरला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा एक कोरडी चर्रकन हालचाल झाली आणि मग तो सुटत आला. लाकडी ठोकणीने हलकेच टोला दिल्यावर घोडा दांडीवरून निघून त्यांच्या तळहातावर आला, अपेक्षेपेक्षा जड. त्यांनी तो लगेच उलटा केला नाही. आत तीन ठिपके निघाले तर पुस्तक तरलं. मग हाही घोडा दादाने केलेला, या वेळी मधला कागद न विसरता केलेला, आणि एकेचाळिसावं पान निदान या टेबलावर तरी उभं राहिलं. एवढा एक क्षण त्यांना तसं मनापासून हवं होतं. आणि त्याच क्षणी त्यांना दादाचे ते ठिपके नुसते बघायलाही हवे होते, पुस्तकासाठी नाही, उगाच. मग त्यांनी घोडा उलटा केला. आत शंभर-दीडशे वर्षांचं तेल सुकून मेणासारखं पिवळं झालेलं होतं. ते त्यांनी नखाने खरवडलं. खाली आकडे होते, हाताने ठोकलेले, जरा तिरके: तेवीस. त्यांनी घोड्यामागची पट्टी बघितली. तिच्यावर तेवीस. उजवा घोडा काढायची गरज नव्हती, तरी जोडाऱ्याने तो काढला. तेवीस. तिन्ही ठिकाणी तिनाचं शेपूट सारखंच तुटलेलं होतं, एकाच ठोकणीचं, म्हणजे तिन्ही भाग एकाच वेळचे. ठिपके कुठेही नव्हते.

“काय?” दिवा धरूनच सिस्टरांनी विचारलं.

“तुमचे बाबा खरं बोलले.”

“एवढं तरी,” त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, “इतकं सोपं होतं तर सकाळीच उघडायचं होतं हो. सफरचंदावर दिवस काढला मी.”

“पण सर, पुस्तक...” व्यवस्थापक म्हणाला.

“फॉर्म आणा.”

फॉर्म गुलाबी होता आणि त्यावर कशालाच पुरेशी जागा नव्हती. ‘मूळ’ असं छापलेल्या चौकटीत त्यांनी खूण केली. शेरा लिहायला दीड ओळ होती. तीत त्यांनी लिहिलं: ‘डाव्या घोड्याचा स्क्रू आज तपासणीसाठी प्रथमच काढला. खाचेजवळचा ओरखडा माझा.’ तेवढ्यात ओळ संपली. पुढेमागे कोणीतरी भिंग घेऊन येईल, रेघ बघेल, आणि घोडा बदललाय असं शहाणपणाने सांगेल. त्याने निदान हा कागद वाचावा. त्यांनी फॉर्म उलटा केला. पाठ कोरी होती. ‘पुस्तकातील पान एकेचाळीस चुकीचे आहे. या कारागिराची दोन्ही पाने पुढेच पाहतात. मागे पाहणारे पान ज्या बंदुकीवर मी पाहिले, तो डावा घोडा नंतर केलेला आहे. अन्य दोन बंदुकांचे डावे घोडे माझ्या सांगण्यावरून त्याप्रमाणे केले गेले.’ कुठेही ‘असावा’ नव्हतं. वाचून बघताना त्यांना ते गद्य फार रुक्ष वाटलं.

“सर, हे फॉर्मच्या मागं कोण वाचणार? आणि संग्राहकाकडे गेलं तर बोंब होईल,” व्यवस्थापक म्हणाला. “शिवाय नंतर केला म्हणजे कुणी केला, तेही लिहावं लागेल. बदली भागाला करणाऱ्याचं नाव लागतं. नियम आहे.”

“काही का असेना, झकास केला असणार,” जोडारी पुस्तकातल्या चित्रावर वाकून म्हणाला. “सव्वीस वर्षं कुणाला कळलं नाही. कोण होता हो?”

भिंगकाकांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या पुस्तकात प्रस्तावनेत सतरा जणांचे आभार होते, ग्रंथपाल, छायाचित्रकार, संग्राहक, मुद्रितं तपासणारे. त्यांनी दादाचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि शाई पसरू नये म्हणून फुंकर घातली. दिव्याची मुंडी अजून खालीच होती.

“सोडा आता बाई,” ते म्हणाले. “हात दुखला असेल.”